अंगठा गेला तर किती मिळतात? कामगारांसाठी अपंगत्व विम्याचं सविस्तर मार्गदर्शन

विम्याचा एजंट घरी येतो तेव्हा त्याचा प्रश्न ठरलेला असतो : "दादा, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर लेकराबाळांनी काय करायचं?" आपण मान डोलावतो आणि सही करतो. पण वाळूजच्या प्रेस शॉपमध्ये, जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये, जिनिंगवर, सोयाबीनच्या मळणी यंत्रावर अपघात झाला की पुष्कळदा माणूस वाचतो आणि घराची खरी ओढाताण तिथून पुढे सुरू होते. बोटं जातात, पंजा चेंगरतो, डोळ्यात लोखंडाचा कण घुसतो, परांचीवरून पडून मणका जायबंदी होतो. कमावता माणूस घरी बसतो. खाणारी तोंडं तेवढीच राहतात, वर दवाखाना, आणि उचलीचा नाहीतर बचत गटाचा हप्ता चालूच. साधी जीवन विम्याची पॉलिसी अशा वेळी एक रुपया देत नाही. ती मृत्यूनंतर किंवा मुदत संपल्यावर पैसे देते. अपंगत्वासाठी वेगळं कलम किंवा वेगळा विमा लागतो.

योजनांचा आपल्याकडे दुष्काळ नाही. पैसे बुडतात ते दोन कारणांनी. कोणत्या योजनेत नेमकं काय धरलंय हे माहीत नसतं आणि अपघाताच्या दिवशी कागदावर भलतंच काहीतरी लिहिलं जातं. म्हणून या लेखात सगळ्या योजनांना मी एकच प्रश्न विचारणार आहे : उजव्या हाताचा अंगठा गेला तर किती देणार? कारखान्यातल्या माणसाला पूर्ण हात जाण्यापेक्षा अशा दुखापतीची भीती जास्त असते, आणि स्वस्तातल्या योजना नेमक्या इथेच हात वर करतात.

पहिली पायरी : आपलं घर किती महिने तग धरेल ते काढा

कागद घ्या. खोलीभाडं, किराणा, शाळा, गावी पाठवायचे पैसे, कर्जाचे हप्ते, सगळं लिहा. समजा महिन्याला १४,००० रुपये लागतात. आता अपंगत्वाचे दोन लाख मिळाले, तर ते साधारण चौदा महिने पुरतील. तिशीतल्या माणसापुढे अजून तीस वर्षांचं काम पडलेलं असतं. "माझा दोन लाखांचा विमा आहे" म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून बघावा.

त्याच कागदावर आणखी एक ओळ : तीन-चार महिने हात प्लास्टरमध्ये राहिला आणि नंतर बरा झाला तर? ही तात्पुरत्या अपंगत्वाची वेळ. सावकाराकडे पहिली फेरी बहुधा याच काळात होते, आणि सरकारी अपघात योजनांत या काळासाठी बहुतेक काहीच नसतं.

विम्याच्या भाषेत चार प्रकार लक्षात ठेवा. कायमचं पूर्ण अपंगत्व म्हणजे दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही डोळे किंवा यांतलं एकेक मिळून दोन अवयव जाणं, अथवा कुठलंच काम करता न येणं. कायमचं अंशतः म्हणजे एक अवयव किंवा त्याचा भाग जाणं. आपला अंगठा यात येतो. तात्पुरतं म्हणजे काही आठवडे, काही महिने काम बंद. चौथा प्रकार आजारानं येणारा : अंगावरून वारं गेलं, शुगरमुळं पाय कापावा लागला. अपघात विम्यात हा चौथा प्रकार येत नाही. हे पुन्हा पुढे येईल.

दुसरी पायरी : ईएसआय आहे का, ते आजच तपासा

पगाराच्या स्लिपवर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात दिसते का बघा. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आणि कायदा लागू झालेल्या आस्थापनात महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्याला हे संरक्षण मिळतं. दिव्यांग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० आहे. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के घालतो. १४,००० पगार असेल तर तुमचे महिन्याला फक्त १०५ रुपये. "हातात पगार कमी येतो, ईएसआय नको" असं कॉन्ट्रॅक्टरला सांगणारी मुलं मी पाहिली आहेत. एवढ्या पैशात असं संरक्षण देणारी कोणतीही खासगी पॉलिसी मला माहीत नाही.

कारण हे बघा. कामावर अपघात झाला आणि काम बंद पडलं, तर बरं होईपर्यंत वेतनाच्या सुमारे ९० टक्के दराने भत्ता मिळतो. १४,००० पगारावर महिन्याला साधारण १२,६००. त्यासाठी अमुक दिवस नोकरी झालेली असावी अशी अट नाही, कामाच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. नंतर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर पैसे येतात.

आता अंगठा. कायद्याच्या तक्त्यात अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के क्षमता गेली असं धरतात. म्हणजे १२,६०० च्या ३० टक्के, महिन्याला जवळपास ३,७८०, तहहयात. दुसरीकडे नोकरी लागली तरी हे पैसे बंद होत नाहीत. कित्येक कामगार याच भीतीनं नव्या कामाची गोष्ट लपवतात. त्याची गरज नाही.

घरून कामावर जाताना आणि परत येताना झालेला अपघातही कामाशी जोडता आला तर यात धरला जातो. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या रस्त्यांवर शिफ्ट सुटताना काय गर्दी असते ते सांगायला नको. त्यामुळे ही तरतूद कुठेतरी लिहून ठेवा.

तपासायचं कसं? ईएसआयचा दहा आकडी विमा क्रमांक मागून घ्या. ईएसआयसीच्या संकेतस्थळावर विमाधारकाच्या भागात किंवा उमंग ॲपवर तुमचं वेतन आणि भरलेली वर्गणी दिसते. नाव, जन्मतारीख, नॉमिनी आधारशी जुळतात का तेही बघून घ्या. स्लिपवर कपात आणि संकेतस्थळावर काहीच नाही, असं निघालं तर कॉन्ट्रॅक्टर पैसे कापून खिशात घालतोय. ते अपघात होण्याआधी कळलेलं बरं. मालकानं नोंदणीच केली नाही म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही, पण तो मिळवायला मग फेऱ्या माराव्या लागतात.

पीएफ कापला जात असेल तर एक कमी माहीत असलेली गोष्ट : नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं, तर पीएफच्या पेन्शन योजनेतून मासिक पेन्शन मिळू शकतं. त्यासाठी दहा वर्षं नोकरीची अट नाही, एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी चालते. किमान पेन्शन सध्या १,००० रुपये, म्हणजे फार नाही. आणि अंगठा गेलेल्याला हे लागूच होत नाही.

तिसरी पायरी : ईएसआय नसेल तर भरपाईचा कायदा

सहा माणसांचं वर्कशॉप, विहिरीचं खोदकाम, ट्रकवरचा क्लीनर, बांधकामावरचा मिस्त्री, ट्रॅक्टरवर किंवा यंत्रावर चालणारं शेतीकाम. इथे ईएसआय नसलं तरी मालकाची जबाबदारी सुटत नाही. १९२३ चा कामगार भरपाई कायदा यासाठीच होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि त्या तरतुदी आता तिच्यात आल्या आहेत. हिशोबाचं सूत्र तेच : महिन्याच्या वेतनाच्या ६० टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. हे झालं पूर्ण अपंगत्वाचं. अंशतः असेल तर त्यातले तक्त्याप्रमाणे टक्के.

तीस वर्षांचा कामगार, पगार १२,०००. तीस वर्षांसाठीचा आकडा २०७.९८. बारा हजाराचे ६० टक्के ७,२००. गुणाकार केला की १४,९७,४५६ रुपये. अंगठ्याचे ३० टक्के म्हणजे ४,४९,२३७. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा आणि काम बंद असलेल्या काळासाठी दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के इतकी रक्कम वेगळी.

आता हा आकडा एका नेहमीच्या प्रसंगाशेजारी ठेवून बघा. मालक दवाखान्याचं बिल भरतो, वर पंचवीस-तीस हजार हातावर ठेवतो आणि म्हणतो, "आपल्या घरचाच माणूस आहेस, इथं एक सही कर." त्या कागदावर लिहिलेलं असतं की सगळी भरपाई मिळाली, पुढे काही मागणार नाही. असा हक्क सोडून देणारा करार कायद्यानं बाद आहे. सही झाली असली तरी दावा करता येतो. तरीही करू नका, कारण मग तो कागद खोडून काढण्यात वेळ जातो.

काम ठेकेदारामार्फत असेल आणि ठेकेदार फोन उचलेना, तर ज्याच्या धंद्याचं काम चाललं होतं त्या मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा. एक महिन्यात पैसे दिले नाहीत तर मालकावर १२ टक्के व्याज आणि वर दंडही बसू शकतो. मात्र ईएसआय लागू असलेल्याला हा कायदा वापरता येत नाही. दोन्हीकडून मिळेल या आशेवर राहू नका.

चौथी पायरी : वीस रुपयांच्या आणि फुकटातल्या योजना

या सगळ्या काढून ठेवा. फक्त त्या काय देत नाहीत, तेही समजून घ्या.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना : वय १८ ते ७०, वर्षाला २० रुपये. २०१५ मध्ये १२ रुपयांत सुरू झाली, १ जून २०२२ पासून २० झाले. अपघाती मृत्यू किंवा दोन अवयव, दोन्ही डोळे गेले तर २ लाख. एक डोळा, एक हात किंवा एक पाय गेला तर १ लाख. अंगठ्याला शून्य. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे. पैसे मेअखेरीला खात्यातून आपोआप कापले जातात, आणि मराठवाड्यात गडबड होते ती इथेच. मे महिन्यात लग्नसराई उरकलेली असते, बी-बियाण्याची जुळवाजुळव चालू असते, खात्यावर शिल्लक नसते. वीस रुपये कापले जात नाहीत आणि विमा गुपचूप बंद पडतो. पासबुकावर दर जूनला ती २० रुपयांची नोंद बघत जा. दोन बँकांत खाती असून दोन्हीकडे कापले गेले तरी दावा एकाच ठिकाणी मिळतो. आणि ४३६ रुपयांची जीवनज्योती वेगळी आहे. ती फक्त मृत्यूसाठी. बँकेत एकाच कागदावर दोन्हींच्या सह्या घेतात, म्हणून लोकांचा घोळ होतो.

जनधन खात्याचं रुपे कार्ड असेल तर त्यावरही अपघात विमा असतो. २८ ऑगस्ट २०१८ नंतरच्या खात्यांना २ लाख, आधीच्यांना १ लाख. तो अपघाती मृत्यू आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी आहे. अपघाताआधीच्या ९० दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं असावं लागतं. कपाटात ठेवलेल्या कार्डाचा उपयोग नाही, महिन्या-दोन महिन्याला एटीएममधून शंभर रुपये काढत जा.

घरात सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. वय १० ते ७५, खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला नावावर जमीन नसलेला एक सदस्य. दोन अवयवांना २ लाख, एकाला १ लाख. कंपनीत काम करणारा पण गावी दोन एकर नावावर असलेला माणूसही खातेदारच असतो, हे लक्षात राहू द्या. हप्ता नाही. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांत. सर्पदंश, वीज पडणं, विजेचा धक्का, विहिरीत पडणं, रस्त्यावरचा अपघात हे सगळं यात येतं. २०२३ पर्यंत ही योजना विमा कंपनीमार्फत चालायची, आता सरकार थेट अनुदान देतं.

बांधकाम कामगारांनी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी जिवंत ठेवावी. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. भांड्यांच्या संचासाठी रांगा लागतात. मात्र ७५ टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व आलं तर मंडळ २ लाख देतं, हे रांगेतल्या अनेकांना माहीत नसतं. अंगठा इथेही बसत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द जास्त. बीड, धाराशिव, परभणीकडून कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, निघतात तेव्हा उचल नवऱ्याच्या नावावर लिहिली जाते आणि जोडीतल्या बाईचं नाव बहुधा कुठेच नसतं. पहाटे अंधारात उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना पाय घसरला तर ती कामावर होती हे दाखवणार कशावरून? म्हणून बाईचं स्वतःचं बँक खातं, त्यावर वीस रुपयांचा विमा आणि ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचं स्वतःचं ओळखपत्र, तिन्ही हवेत. मुकादमाशी झालेला करार आणि टोळीची यादी यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. यादीत दोघांची नावं आहेत का ते निघण्याआधी बघा.

मोटारसायकल हा विषय कोणी काढत नाही, म्हणून मी काढतो. गाडीचा विमा उतरवताना मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सोबत असतो. काही शे रुपये वाचवायला दुकानदार तो काढून टाकतो आणि आपणही "तेवढाच कमी झाला" म्हणतो. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर यात निम्मी रक्कम, म्हणजे साडेसात लाख. पण अट बघा : गाडी स्वतःच्या नावावर आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स. सेकंडहँड गाडी घेऊन नाव बदललं नसेल, किंवा गाडी भावाच्या नावावर असेल, तर हे पैसे विसरा.

ई-श्रम कार्ड म्हणजे विमा नव्हे. नोंदणी म्हणून ते काढून ठेवा. मात्र सुरुवातीला त्यासोबत जाहीर झालेली दोन लाखांची अपघाती मदत ३१ मार्च २०२२ पर्यंतच्या नोंदींपुरती होती. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान कार्ड दवाखान्याचा खर्च उचलतात, बुडालेल्या पगाराचं काही देत नाहीत.

पाचवी पायरी : स्वतःचा अपघात विमा घ्यायचा का?

ईएसआय असेल तर घाई नाही. ईएसआय नसेल, किंवा पगार २१,००० च्या वर गेला म्हणून तो सुटला असेल, तर माझ्या मते घ्यावाच. पगारवाढीसोबत संरक्षण गेलं हे सुपरवायझर, फोरमन झालेल्या मुलांच्या लक्षातच येत नाही. कंपनीचा ग्रुप अपघात विमा आहे का ते एचआरला विचारा. असेल तर रक्कम लेखी घ्या. नोकरी सुटली की तोही सुटतो.

वैयक्तिक अपघात विमा सरकारी आणि खासगी जनरल इन्शुरन्स कंपन्या देतात, बँका आणि पोस्टाच्या पेमेंट बँकेतूनही तो मिळतो. किती रकमेचा मिळेल हे उत्पन्नावर ठरतं, म्हणून पगार स्लिप किंवा आयकर विवरण जवळ ठेवा. हप्त्याच्या आकड्याकडे नंतर बघा, आधी या चार जागा वाचा.

पहिली, अंशतः अपंगत्वाचा तक्ता. कुठल्या बोटाला किती टक्के ते छापलेलं असतं. अंगठ्याला बऱ्याच पॉलिसींत २५ टक्क्यांच्या आसपास देतात. दहा लाखांची पॉलिसी असेल तर अडीच लाख. फक्त "मृत्यू व पूर्ण अपंगत्व" असं लिहिलेलं असेल तर तुमच्या कामाला ती पॉलिसी अपुरी आहे, हप्ता कितीही कमी असो.

दुसरी, तात्पुरत्या अपंगत्वाचा आठवडी भत्ता. सहसा विमा रकमेच्या १ टक्का दर आठवड्याला, ठराविक कमाल रकमेपर्यंत आणि साधारण १०० आठवड्यांपर्यंत असतो. स्वस्त पॉलिसींत हाच भाग गाळलेला असतो, आणि रोजंदारीच्या माणसाला नेमकी याचीच गरज.

तिसरी, कामाची नोंद. प्रेस चालवता तर प्रेस ऑपरेटर लिहा. एजंट "खासगी नोकरी" लिहून हप्ता कमी करून देतो आणि दाव्याच्या वेळी कंपनी त्यावरच बोट ठेवते. वेल्डर, वायरमन, उंचावर काम करणारे यांना हप्ता जास्त पडतो, तो पडू द्या.

चौथी, काय वगळलंय. दारूच्या नशेत झालेला अपघात, लायसन्स नसताना गाडी चालवणं, स्वतःहून केलेली इजा हे जवळपास सगळीकडे वगळलेलं असतं. अपघातानंतर बारा महिन्यांच्या आत अपंगत्व आलेलं असावं, अशीही अट बहुतेकांत असते.

आणि आजारानं आलेलं अपंगत्व? लकवा, किडनी, हृदय यांसाठी गंभीर आजाराची वेगळी पॉलिसी किंवा मुदत विम्यासोबतचं जोड-संरक्षण घ्यावं लागतं. ते महाग असतं आणि वय वाढेल तसं आणखी महागतं. ईएसआय असलेल्याला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं, काही ठरलेल्या दीर्घ आजारांत त्याहून जास्त काळ.

सहावी पायरी : अपघाताचा दिवस

हा भाग घरातल्या बाईमाणसांना आणि कामावरच्या दोस्तालाही वाचून दाखवा. त्या दिवशी धावपळ तेच करणार आहेत.

जखमीला आधी दवाखान्यात न्या, बाकी सगळं नंतर. पण दवाखान्याच्या दारात डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" त्याच वेळी शेजारी उभा असलेला सुपरवायझर पटकन म्हणतो, "गाडीवरून पडला." जखमी कण्हत असतो, कोणी काही बोलत नाही, आणि केस पेपरवर तेच उतरतं. कारखान्याचा अपघात एका ओळीत रस्त्यावरचा होतो. ईएसआय गेलं, भरपाई गेली, आणि गाडीचा अपघात म्हणावं तर गाडीला ओरखडा नाही. पुढे वर्षभर भांडलात तरी विरुद्ध बाजूचा वकील तोच केस पेपर पुढे करतो. म्हणून सोबत जाणाऱ्यानं खरं कारण मोठ्यानं सांगायचं : "प्रेस मशिनमध्ये हात गेला, अमुक कंपनीत, अमुक वाजता." लिहिलेलं वाचून घ्यायचं. चुकीचं लिहिलं असेल तर तिथेच दुरुस्त करून मागायचं. दवाखान्यात पोलिसांसाठी एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद होते, तिचा क्रमांक टिपून ठेवायचा.

त्यानंतरचं काम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी :

- सुपरवायझरला आणि एचआरला व्हॉट्सॲपवर लिहून कळवा : तारीख, वेळ, मशिन, काय झालं. तोंडी सांगितलेलं कोणाला आठवत नाही.
- ईएसआय असेल तर मालकानं अपघाताचा अहवाल, नमुना १२, ऑनलाइन भरायचा असतो. तो भरला का ते विचारा, प्रत मागा. भरला नसेल तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात स्वतः लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.
- मशिनचा, जागेचा, जखमेचा फोटो. जवळ असलेल्या दोघांची नावं आणि नंबर.
- रस्त्यावर अपघात असेल तर पोलिसांत नोंद. शेतात असेल तर पोलीस पाटील किंवा तलाठ्याला कळवून पंचनामा. धडकून वाहन पळून गेलं असलं तरी तक्रार द्या, त्यात गंभीर जखमीला ५०,००० रुपयांची तरतूद आहे.
- हजेरीचा पुरावा : पंचिंगची नोंद, गेटपास, पगाराची बँक एंट्री. ठेकेदार रोख पैसे देत असेल तर त्याच्याशी झालेले फोनवरचे मेसेज पुसू नका.

कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा, कितीही जवळचा माणूस सांगत असला तरी, देऊ नका.

सातवी पायरी : टक्केवारी आणि दावा

अपंगत्वाची टक्केवारी सांगणारे कागद वेगवेगळे असतात आणि लोक एकाच कागदावर सगळीकडे धावतात. ईएसआयसाठी ईएसआयचं वैद्यकीय मंडळ ठरवतं. सरकारी योजना आणि दिव्यांग ओळखपत्रासाठी जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. स्वावलंबनच्या संकेतस्थळावर अर्ज भरून तारीख घ्या. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर, नांदेड, जे जवळ असेल ते. ४० टक्क्यांच्या वर असेल तर दिव्यांगांच्या बऱ्याच सवलती उघडतात. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही करता येतो. एकट्या अंगठ्यावर ४० टक्के सहसा होत नाहीत.

टक्केवारी उपचार संपल्यावर ठरते, पण कळवण्याची मुदत आधी संपते. वीस रुपयांच्या विम्याचा अर्ज बँकेत ३० दिवसांत द्यावा असं नियमात आहे, मुंडे योजनेचीही मुदत तेवढीच. म्हणून दाखला हातात येण्याची वाट बघू नका. अपघात झाल्याचा अर्ज आधी द्या, शिक्का मारलेली पोच घ्या, दाखला मागून जोडा. मूळ कागद कोणालाच देऊ नका. मागितले तर दाखवा आणि झेरॉक्स द्या.

सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत, एसटीत, महावितरणच्या कायम सेवेत असाल तर एक वेगळा आधार आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही. त्याच पगारावर दुसरं झेपणारं काम द्यावं लागतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम २० अर्जात तसंच लिहा. राजीनामा द्यायला सांगितलं तर देऊ नका.

आठवी पायरी : "तुमचा दावा बसत नाही" असं सांगितलं तर

कारण लेखी मागा. तोंडी नकाराविरुद्ध पुढे कुठेच जाता येत नाही.

विमा कंपनीनं नाकारलं तर आधी त्यांच्याच तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मराठवाडा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतो. फी नाही, वकील लागत नाही, नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. विमा नियामकाचा १५५२५५ हा क्रमांक आणि बिमा भरोसा संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते.

ईएसआयच्या मंडळानं टक्केवारी कमी दिली असं वाटत असेल तर अपील करता येतं, पण मुदत थोडी असते. निर्णयाचं पत्र आलं त्याच आठवड्यात हालचाल करा. अंगठा गेलेल्याला १५ टक्के दिले असतील तर तक्त्यातले ३० टक्के दाखवून विचारा की कमी का केले.

मालकाविरुद्धचा भरपाईचा दावा आपल्याकडे बहुधा कामगार न्यायालयात चालतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना तिथून मोफत वकील मिळतो. जाताना केस पेपर, पगाराचा पुरावा, वयाचा दाखला आणि त्या दिवशीच्या व्हॉट्सॲप मेसेजची प्रिंट सोबत न्या.